फुगा फुटला, पण हात तिथवर कसा पोहोचला?

सेरेब्रल पाल्सी असलेल्या मुलाला तपासणीच्या खोलीत ‘हात वर कर’ म्हटलं की अनेकदा त्याचं अंग आणखीच ताठ होतं. कधी मूल दोनदा हात उचलतं आणि कंटाळून आईकडे बघू लागतं. तेच मूल पडद्यावरचा फुगा फोडायला मात्र पुन्हापुन्हा हात टाकतं. तपासणीत व्हिडिओ गेम आणण्यामागे हे साधं निरीक्षण आहे.

हाताची हालचाल मोजण्याच्या चांगल्या पद्धती आधीपासून आहेत. थेरपिस्ट गोनिओमीटर लावून कोपर किती अंशांत उघडतं ते पाहतात. मेलबर्न चाचणीत मुलाचं चित्रीकरण करून नंतर प्रत्येक कृतीला गुण देतात. पण त्याला प्रशिक्षित नजर लागते आणि वेळही लागतो.

२०१० मध्ये मायक्रोसॉफ्टने किनेक्ट हा कॅमेरा खेळांसाठी बाजारात आणला आणि संशोधकांच्या हाती स्वस्त साधन आलं. त्याची पहिली आवृत्ती समोर अवरक्त किरणांचे असंख्य ठिपके टाकते, ते अंगावर पडून कसे सरकतात यावरून अंतर काढते आणि सेकंदाला सुमारे ३० वेळा शरीरातल्या २० बिंदूंची जागा नोंदवते. मुलाच्या अंगाला काहीही चिकटवावं लागत नाही. वायरी पाहून बिचकणाऱ्या मुलांसाठी ही फार मोठी सोय आहे.

खेळापूर्वी मुलाच्या हाताची लांबी आणि आवाका मोजून घेतात. त्यानुसार फुगे मांडले जातात: काही डोक्यावर, काही बाजूला, काही छातीची मधली रेषा ओलांडून पलीकडे. एक फेरी सरावाची असते. ती वगळली, तर मूल नुसता खेळ शिकलं तरी आपल्याला हातच सुधारल्यासारखं वाटेल.

खरी माहिती दडलेली असते ती फुग्यापर्यंतच्या वाटेत. निरोगी हात वस्तूकडे जाताना वेग एकदाच चढतो आणि एकदाच उतरतो. आलेख घंटेच्या आकाराचा दिसतो. फ्लॅश आणि होगन यांनी १९८५ मध्ये अशा सफाईदार हालचालीचं गणित मांडलं. सेरेब्रल पाल्सीत त्याच आलेखावर अनेक शिखरं दिसू शकतात, कारण हात थांबतो, चुकतो, पुन्हा निघतो. मात्र लहान वयात कोणाचाही हात थोडा अडखळतोच, म्हणून तुलना समवयस्कांशी करावी लागते. हाताने कापलेलं अंतर सरळ रेषेच्या किती पट झालं, हेही मोजतात.

मला यातली सर्वांत मोलाची नोंद धडाची वाटते. कोपर पुरतं उघडत नसेल तर मूल कमरेतून पुढे झुकतं आणि फुगा फोडतं. गुणफलकावर गुण मिळतो; छातीचा बिंदू किती सरकला हे पाहिल्यावर मात्र कळतं की पोहोचलं ते धड. ही युक्ती मुलाने स्वतः शोधलेली असते आणि तिचं कौतुकच वाटतं. तरीही तिची नोंद झाली नाही, तर उपचार कुठे करायचे हेच चुकेल.

किनेक्टला बोटांची पकड नीट दिसत नाही. तळहात वर वळवणं, म्हणजे घास घेण्यासाठी लागणारी हालचाल, त्याच्या नजरेतून बहुधा निसटते. चाकांच्या खुर्चीचे हात आड आले की बिंदू भलतीकडे उड्या मारतात. म्हणून हा खेळ थेरपिस्टची जागा घेऊ शकत नाही. ताठरपणा कमी करणाऱ्या बोट्युलिनम इंजेक्शनच्या आधी आणि नंतर तोच खेळ खेळवून फरक पाहणं, हा त्याचा चांगला उपयोग.

पालकांनो, अशा तपासणीला मुलाला पोटभर खाऊ घालून, झोप झालेली असताना न्या आणि त्याची औषधं नेहमीच्याच वेळी द्या. नंतर थेरपिस्टना फक्त गुण विचारू नका. वेगाचा आलेख आणि धड किती झुकलं याची नोंद दाखवायला सांगा.