यवतमाळची फवारणी, बासेलचं कोर्ट

'द कॉन्स्टंट गार्डनर' या 2005 च्या सिनेमात नायिका टेसा सुरुवातीलाच मरते. केनियात नेमलेला तिचा नवरा जस्टिन हा ब्रिटिश वकिलातीतला भिडस्त अधिकारी, ऑफिसपेक्षा बागेत जास्त रमणारा. टेसाच्या खुनाचा माग काढत तो एका औषध कंपनीच्या दारात पोचतो. क्षयावरच्या नव्या औषधाची चाचणी तिथल्या गरीब रुग्णांवर चाललेली असते आणि त्यात दगावलेल्यांची नोंदच पुसली जात असते. टेसा हेच शोधत होती, हे जस्टिनला ती गेल्यावर कळतं आणि तो तिच्या नव्यानं प्रेमात पडतो. जॉन ल कारे यांच्या 2001 च्या कादंबरीवरचा हा सिनेमा फर्नांडो मिरेलेस यांनी दिग्दर्शित केला. टेसाच्या भूमिकेसाठी रेचल वाइसला सहायक अभिनेत्रीचं ऑस्कर मिळालं.

या कथेची सांगड नेहमी नायजेरियातल्या कानो शहराशी घातली जाते. तिथे 1996 च्या मेंदुज्वराच्या साथीत फायझरने ट्रोव्हान हे औषध लहान मुलांना देऊन पाहिलं होतं. त्यातली काही मुलं दगावली. मृत्यू औषधाने नव्हे, आजाराने झाले, असं कंपनी म्हणत राहिली. 2009 मध्ये मात्र कानो राज्याशी साडेसात कोटी डॉलरची तडजोड झाली.

वऱ्हाडातल्या वाचकाला एवढं लांब जायची गरज नाही. अमरावतीजवळच्या आमच्या वलगावहून यवतमाळ शंभरेक किलोमीटर.

2017 च्या पावसाळ्यात यवतमाळ जिल्ह्यात पऱ्हाटी माणसाच्या डोक्याला लागली होती. अळीचा जोर होता, म्हणून फवारणीवर फवारणी. हातपंपाऐवजी बॅटरीचे, पेट्रोलचे पंप आले होते. त्यांचा बारीक तुषार वाऱ्याबरोबर उलटून तोंडावर, छातीवर बसे. मजुराकडे हातमोजे नाहीत, मास्क म्हणजे दुपट्टा. एकाच पंपात दोन-तीन औषधं मिसळलेली. जुलै ते ऑक्टोबरात शेकडो लोकांना विषबाधा झाली, वीसहून जास्त शेतकरी-शेतमजूर गेले. सरकारने अमरावतीच्या विभागीय आयुक्तांच्या अध्यक्षतेखाली विशेष तपास पथक नेमलं. नोव्हेंबरात पाच कीटकनाशकांची विक्री विभागातल्या पाचही जिल्ह्यांत थांबवली गेली. म्हणजे वलगावच्या कृषी सेवा केंद्रांनाही तो हुकूम लागू होता.

त्या पाचांत एक डायफेन्थियुरॉन. स्विस कंपनी सिंजेंटा ते 'पोलो' नावाने विकते. युरोपीय संघात ते 2002 पासून बंद, खुद्द स्वित्झर्लंडमध्ये 2009 पासून. 'पब्लिक आय' या स्विस संस्थेने 2020 मध्ये पुढे आणलेल्या पोलीस कागदपत्रांत पोलोशी जोडलेल्या विषबाधेच्या 96 नोंदी होत्या, त्यांत दोन मृत्यू. कंपनीने जबाबदारी नाकारली. त्याच वर्षी दोन विधवा आणि वाचलेला एक शेतकरी यांनी थेट बासेलमध्ये, कंपनीच्या गावात, भरपाईचा दावा लावला. शिवाय 51 जणांच्या वतीने स्विस सरकारच्या तक्रार कक्षाकडे वेगळी तक्रार गेली.

सिनेमा आणि यवतमाळ यांच्यातला खरा फरक इथे आहे. थ्रिलरला गुपित लागतं: एक दडवलेलं पत्र सापडलं की कंपनीचा बुरखा फाटतो. यवतमाळात दडवलेलं काही नव्हतं. डबा परवानाधारक दुकानात, फळीवर, लेबलासकट उभा होता. सिद्ध करायला अवघड गेलं ते साधंच: त्या दिवशी पंपात नेमकं काय होतं? मजूर बिल जपून ठेवत नाही. औषध मालक आणतो, फवारतो दुसराच. दवाखान्याच्या कागदावर नुसतीच 'विषबाधा' असेल, तर कोर्टात कंपनीचं नाव कशावर घ्यायचं?

मिरेलेसच्या सिनेमाचं एक उणं याच तुलनेत डोळ्यात भरतं. त्यात आफ्रिकी माणसं मरतात, पण शोक आणि शोध दोन्ही एका इंग्रज साहेबाचे. इथे कापूसवाल्या घरातल्या बायका स्वतःच फिर्यादी झाल्या. नवरा गेल्यावर परक्या देशाच्या कोर्टात उभं राहायला किती जीव लागत असेल, हे कुठल्याही पटकथेत बसवणं कठीण आहे.

1 जानेवारी 2021 पासून स्वित्झर्लंडने डायफेन्थियुरॉनसह पाच कीटकनाशकांची निर्यात बंद केली. महाराष्ट्राने 2017 मध्ये घातलेली बंदी साठ दिवसांची होती.