जोगलटेंभीचा नाणेसाठा : एकत्र सापडण्याचे महत्त्व

बोरिवलीजवळील कान्हेरी लेण्यांतील दानलेखांत कार्षापणांचा उल्लेख येतो. तत्कालीन रौप्य चलनाचे स्वरूप १९०६ साली नाशिक जिल्ह्यातील जोगलटेंभी येथे सापडलेल्या साठ्यामुळे अधिक स्पष्ट झाले. त्यातील सुमारे १३,२५० नाणी क्षहरात नहपानाची होती. त्यांवर राजाचा मुखवटा असून ग्रीक, ब्राह्मी व खरोष्ठी लिपींतील लेख आहेत. त्यांपैकी ९,००० हून अधिक नाण्यांवर गौतमीपुत्र सातकर्णीने आपली चिन्हे पुन्हा ठोकलेली आढळतात. क्षहरात वंशाचा त्याने उच्छेद केल्याचे नाशिकचा शिलालेख सांगतो. या साठ्याने त्यास पुष्टी दिली.

सुटे नाणे केवळ राजाचे नाव सांगते. किती नाणी पुन्हा ठोकली गेली व किती तशीच राहिली, हे प्रमाण अखंड साठाच सांगू शकतो. म्हणूनच १८७८ च्या निखात निधी अधिनियमानुसार दहा रुपयांहून अधिक मूल्याचा निधी सापडल्यास जिल्हाधिकाऱ्यांस लेखी कळविणे बंधनकारक आहे. धातुशोधक यंत्राने उकरलेली नाणी परस्पर विकली वा वितळविली गेल्यास चांदीचे मोल मिळते; परंतु नाण्यांचा परस्परसंबंध, म्हणजेच इतिहासाचा पुरावा, कायमचा नष्ट होतो.