गाडीला थंडी वाजते तेव्हा

चेक इंजिनचा दिवा लागला की स्कॅनर लावायचा, कोड वाचायचा. तुम्हाला एवढंच माहीत असणार. पण 1967 मध्ये फोक्सवॅगन 1600 मध्ये बॉशची डी-जेट्रॉनिक आली, तिच्यात कोड-बिड काही नाही. ‘डी’ म्हणजे जर्मन ‘ड्रुक’, दाब. इनटेकमधला दाब आणि तापमान बघून इंजेक्टर किती वेळ उघडा ठेवायचा, हे एक डबा ठरवतो. आत मायक्रोप्रोसेसर नाही, नुसते ट्रान्झिस्टर!

आता मजा बघा. सिलिंडर हेडवरच्या सेन्सरचा रोध 20 अंशांना साधारण अडीच हजार ओहम. इंजिन तापलं की तो झपाट्याने उतरतो. वायर तुटली तर रोध अनंत. डब्याला वाटतं, इंजिन गारठलंय! मग तो पेट्रोल ओततच राहतो. काळा धूर निघतो आणि लोक शिव्या घालतात बिचाऱ्या इंजेक्टरला. महागडा इंजेक्टर बदलूनही धूर तसाच.

शोधायचं कसं? बॅटरी सोडवा, डब्याचा 25 पिनांचा कनेक्टर काढा, मल्टिमीटर त्याच्या 23 नंबरवर आणि बॉडी अर्थवर धरा. आकडाच आला नाही, तर थेट सेन्सरवर मोजा. तो बरा निघाला, तर गुन्हेगार वायर. बाहेरून ठणठणीत दिसेल, पण इतक्या वर्षांच्या उष्णतेनं ती कडक झालेली असते. मीटर लावून ठेवा आणि वायर इंच-इंच हलवत जा. आकडा जिथं लपाछपी खेळायला लागेल, तिथंच ती तुटलीय.