रोजे आता द्राक्षांच्या मोसमात: इफ्तार-सहरीसाठी दोन सोपे पदार्थ

हिजरी वर्ष 10-11 दिवसांनी लहान असतं, म्हणून रमजान दरवर्षी तेवढा आधी येतो. 2018 मध्ये रोजे मे-जूनच्या उन्हात होते. 2026 चा रमजान फेब्रुवारी-मार्चचा. धाराशिव जिल्ह्यात हे दिवस द्राक्षांचे, कोवळ्या मेथीचे. मग दस्तरखानावर रोज भजी-समोसेच कशाला? तळलेल्याने तहान वाढते, खर्चही होतो.

द्राक्षांची चाट (इफ्तार): द्राक्षांवर फवारणी झालेली असते. मिठाच्या पाण्यात 10-15 मिनिटं ठेवून वाहत्या पाण्यात नीट धुवा. अर्धी कापा, पेरूच्या फोडी मिसळा. भाजलेली जिरेपूड, चिमूटभर काळं मीठ, लिंबू. साखर नको, फळात गोडी असतेच.

मेथीचा घोळाणा (सहरी): धुतलेली मेथी बारीक चिरून कांदा, शेंगदाण्याचा कूट, थोडं तिखट आणि कच्चं तेल घाला. मीठ बेतानं आणि अगदी शेवटी, नाहीतर पाणी सुटतं. ज्वारीच्या भाकरीसोबत खा, पोटाला आधार राहतो.

शुगरचा त्रास असलेल्यांनी द्राक्षं किती खावीत, हे डॉक्टरांना जरूर विचारावं.