गाऊटचे दुखणे : समज, गैरसमज व उपाय

सांधा दुखला की त्याला सरसकट 'वात' म्हणण्याची आपल्याकडे पद्धत आहे. गुडघे झिजले तरी वात, आमवात झाला तरी वात आणि रात्रीतून पायाचा अंगठा सुजला तरी वातच. वास्तविक हे तीन निरनिराळे आजार असून त्यांचे उपायही निरनिराळे आहेत. यांपैकी तिसऱ्या आजाराला डॉक्टर गाऊट म्हणतात. आयुर्वेदात 'वातरक्त' या नावाने जे दुखणे वर्णिले आहे, ते याच्याशी बरेचसे जुळते. आमच्यापैकी काहींच्या घरी हे दुखणे बरीच वर्षे मुक्कामाला आहे. त्या अनुभवातून आणि आज वैद्यकशास्त्राला जे माहीत आहे त्यातून चार उपयोगी गोष्टी धम्मबांधवांसमोर ठेवाव्यात, एवढाच या लेखाचा हेतू आहे.

दुखणे कसे येते?

बहुधा मध्यरात्री किंवा पहाटे येते. माणूस धडधाकट झोपतो आणि दोन-तीनच्या सुमारास अंगठ्याच्या मुळाशी ठणका लागून जागा होतो. सांधा लालबुंद, गरम आणि तकतकीत सुजलेला असतो. पांघरलेली चादर लागली तरी जीव कळवळतो. पहिल्या २४ तासांत दुखणे शिगेला पोचते आणि औषध घेतले नाही तरी एक-दोन आठवड्यांत ओसरते. पुढे घोटा, गुडघा, मनगट, बोटे यांचाही नंबर लागू शकतो.

'आपोआप ओसरते' याच गोष्टीने माणूस फसतो. दुखणे गेले म्हणजे आजार गेला असे त्याला वाटते. सहा महिने, वर्ष चांगले जाते आणि पुन्हा तोच प्रसंग येतो. हळूहळू दोन दुखण्यांमधले अंतर कमी होत जाते.

शरीरात काय घडते?

आपल्या पेशींत आणि बहुतेक अन्नात प्युरीन नावाचे घटक असतात. त्यांचा निकाल लागताना शेवटी युरिक अ‍ॅसिड तयार होते आणि ते मुख्यतः लघवीवाटे बाहेर पडते. रक्तात ते विरघळून राहण्याला मर्यादा आहे. १०० मिलिलिटर रक्तात साधारण ६.८ मिलिग्रॅमच्या पुढे ते गेले की त्याचे सुईसारखे बारीक स्फटिक सांध्यात साचू लागतात. पायाचा अंगठा हृदयापासून लांब व शरीराच्या मानाने थंड असतो, आणि थंडाव्यात स्फटिक लवकर धरतात. म्हणून पहिला मान बहुधा त्याचा. एखाद्या रात्री शरीरातील संरक्षक पेशी या स्फटिकांवर तुटून पडतात, तोच ठणका होय.

सर आल्फ्रेड गॅरड यांनी १८४८ साली गाऊटच्या रुग्णांच्या रक्तात युरिक अ‍ॅसिड वाढलेले दाखवून दिले. पुढे १९६१ साली मॅकार्टी व हॉलंडर या अमेरिकन डॉक्टरांनी सांध्यातील पाण्यात हे स्फटिक सूक्ष्मदर्शकाखाली ओळखले. म्हणजे हा आजार कोणाच्या नजरेने, करणीने किंवा पूर्वजन्मीच्या कर्माने होत नाही. त्याला कारण आहे, ते मोजता येते, आणि जे मोजता येते ते आवरताही येते. कारणाशिवाय कार्य नाही, ही शिकवण आपल्याला नवी नाही.

दोष कोणाचा?

येथे एक नाजूक गोष्ट बोलली पाहिजे. 'गाऊट म्हणजे खाण्यापिण्याचा आजार' हे ऐकून माहीत असल्यामुळे, अंगठा सुजलेला माणूस दिसला की लोक हसून विचारतात, "काय, काल बसला होता वाटतं?" मग जो कधी पीत नाही तोही शरमेने दुखणे लपवतो. पाय मुरगळला असे सांगून मोकळा होतो आणि डॉक्टरकडे जायचे टाळतो.

खरी गोष्ट अशी की शरीरातील युरिक अ‍ॅसिडचा सुमारे एक तृतीयांश भागच अन्नातून येतो. उरलेले शरीर स्वतःच बनवते. बहुसंख्य रुग्णांत मूळ अडचण मूत्रपिंड ते पुरेसे बाहेर टाकत नाही ही असते, आणि यात आनुवंशिकतेचा वाटा मोठा आहे. वाढलेले वजन, ब्लडप्रेशर, मूत्रपिंडाचे विकार, लघवी वाढवणाऱ्या काही गोळ्या हीही कारणे आहेत. भगिनींना पाळी सुरू असेपर्यंत हा आजार क्वचितच होतो. पाळी थांबल्यावर मात्र होऊ शकतो. तेव्हा आईचा पाय सुजला तर 'वयाचे दुखणे' म्हणून सोडून देऊ नये.

तथापि दारूचा हात यात आहे, हेही तितकेच खरे. दारू युरिक अ‍ॅसिड वाढवते आणि ते बाहेर पडू देत नाही. बिअर त्यात सर्वांत वाईट, पण देशी किंवा मोहाचीही सुटका नाही. पाचव्या शीलाचे पालन करणाऱ्याला येथे आपोआप लाभ आहे. ज्याचे शील ढळते त्याला हिणवून काही साधत नाही. सोडण्यास मदत करावी.

भुसावळच्या माणसाने काय जपावे?

आपले गाव रेल्वेचे. रनिंगची ड्युटी, रात्रपाळी, ऑर्डनन्स फॅक्टरी आणि दीपनगरचे वीज केंद्र यांत कष्टाची कामे. त्यात उन्हाळ्यात पारा ४५ अंशांवर जाणारा आपला मुलूख. घाम जातो, पाणी पोटात जात नाही, ड्युटीवर लघवीची सोय नाही म्हणून पाणी मुद्दाम कमी प्यायले जाते. रक्त घट्ट झाले की युरिक अ‍ॅसिडचे प्रमाण चढते. म्हणून ज्याला हृदयाच्या किंवा मूत्रपिंडाच्या आजारामुळे पाण्याचे बंधन नाही, त्याने दिवसभरात थोडे थोडे पण भरपूर पाणी प्यावे. ताक उत्तम. बाटलीतली गोड थंड पेये मात्र युरिक अ‍ॅसिड वाढवतात. ती टाळावीत.

खाण्याबाबत आपल्याकडे उलटाच प्रकार चालतो. कोणी सांगते डाळ बंद करा, कोणी पालक, कोणी आंबट. गरिबाच्या ताटातली डाळ काढली तर उरते काय? डाळी, पालक, वाटाणा यांत प्युरीन असले तरी त्यामुळे गाऊट वाढत असल्याचे मोठ्या पाहण्यांत आढळलेले नाही. आंबटाचाही दोष नाही. वरण-भाकरी, भरीत, केळी, दूध-ताक खुशाल खावे. आवरायचे ते काळीज, गुर्दा, भेजा, मटण आणि त्याचा दाट रस्सा, सुकट, बोंबील, झिंगे. मांस शिजवताना प्युरीन रश्शात उतरते, म्हणून 'मटण नको, नुसता रस्सा द्या' यात फायदा नाही.

उपाशी राहिल्यानेही दुखणे उठते. उपोसथाला अष्टशील घेणाऱ्यांनी सकाळचे जेवण नीट घ्यावे, पाणी पीत राहावे आणि दुपारनंतरची औषधाची वेळ चुकवू नये. विनयामध्ये आजारी भिक्खूंना तूप, लोणी, तेल, मध व गूळ ही पाच औषधे दुपारनंतरही घेण्याची मोकळीक भगवंतांनी दिली आहे. मग गृहस्थाने गोळी टाळण्याचे कारण नाही. वंदनेला मांडी घालता येत नसेल तर खुर्चीवर बसावे. त्यात श्रद्धा कमी होत नाही.

ठणका लागला तर

सांध्याला विश्रांती द्यावी, पाय उशीवर ठेवावा. फडक्यात गुंडाळलेला बर्फ १५-२० मिनिटे लावावा. गरम शेक आणि जोराचे मालीश नको. डॉक्टरकडे पहिल्याच दिवशी जावे, कारण औषध जितके लवकर तितका गुण जास्त. दाह कमी करणाऱ्या गोळ्या, कोल्चिसिन किंवा स्टिरॉइड यांपैकी कोणते द्यायचे हे तुमचे मूत्रपिंड, पोट, साखर व ब्लडप्रेशर पाहून डॉक्टर ठरवतात. म्हणून दुकानातून मनाने गोळी घेऊ नये. 'झटपट आराम' देणाऱ्या नाव नसलेल्या पुड्यांत काय असते ते देणारा सांगत नाही. त्या घेऊ नयेत.

कोल्चिसिन हे द्रव्य आपल्या सातपुड्यातही उगवणाऱ्या कळलावीच्या कंदात असते. परंतु तो कंद जहाल विषारी आहे. त्याचा पाला किंवा मुळी कोणी दिली तर पोटात घेऊ नये, जीव जाण्याचा धोका आहे. औषध आणि विष यांतला फरक मात्रेचा असतो.

सांध्याबरोबर हुडहुडी भरून ताप आला तर सांध्यात पू होत असण्याची शक्यता असते. त्याच दिवशी इस्पितळ गाठावे.

खरा उपचार शांततेच्या काळात

या लेखातील एकच गोष्ट लक्षात ठेवायची असेल तर ही ठेवावी : ठणका म्हणजे आजार नव्हे, तो आजाराचा आवाज आहे. दोन ठणक्यांच्या मधल्या शांत काळातही स्फटिक साचतच असतात. पुढे कानाच्या पाळीवर, कोपरावर, बोटांवर गाठी येतात, सांधा वाकडा होतो, मूतखडे होतात.

ऐन ठणक्यात रक्ततपासणी केली तर युरिक अ‍ॅसिड कधी कधी योग्य प्रमाणात दिसते, म्हणून दोन-तीन आठवड्यांनी पुन्हा तपासावे. उलट आकडा थोडा वाढलेला आहे पण दुखणे कधीच नाही, अशा माणसाने गोळ्यांची घाई करण्याचे सहसा कारण नसते. मात्र वर्षातून दोन वा अधिक वेळा ठणका लागत असेल, गाठी आल्या असतील किंवा सांधा खराब होऊ लागला असेल, तर युरिक अ‍ॅसिड उतरवणारी गोळी नियमित घ्यावी लागते. त्यात अ‍ॅलोप्युरिनॉल जुनी, स्वस्त आणि खात्रीची. ती शोधण्यात गर्ट्रूड एलियन व जॉर्ज हिचिंग्ज यांचा वाटा होता. त्या दोघांना १९८८ साली नोबेल पारितोषिकाचा मान मिळाला. एलियनबाईंना स्त्री म्हणून सुरुवातीला संशोधनाची नोकरी नाकारली गेली होती, हे आपल्या मुलींना आवर्जून सांगावे.

ही गोळी साधारण १०० मिलिग्रॅम किंवा त्याहून कमी मात्रेने सुरू करून हळूहळू वाढवतात आणि आकडा ६ च्या खाली आणतात. साचलेले स्फटिक विरघळू लागल्यामुळे पहिले काही महिने ठणके उलट वाढू शकतात. तेथेच बरेच जण गोळी सोडतात. सोडू नये. त्या काळासाठी डॉक्टर दुसरे औषध जोडीला देतात. अंगावर पुरळ, तोंडात फोड वा ताप आला तर मात्र गोळी ताबडतोब थांबवून डॉक्टरांना दाखवावे. जेनेरिक औषधांच्या दुकानात ती कमी किमतीत मिळते. आपला आकडा तारखेसह वहीत लिहून ठेवावा.

दुसरा बाण

संयुत्त निकायातील सल्ल सुत्तात तथागतांनी दोन बाणांचा दृष्टान्त दिला आहे. शरीराची वेदना हा पहिला बाण. त्यावरून केलेला शोक व तळमळ हा स्वतःच मारून घेतलेला दुसरा. गाऊटमध्ये हा दुसरा बाण शरमेचा, चिडचिडीचा आणि 'आता आपले संपले' या भीतीचा असतो. पहिल्या बाणावर औषध आहे, दुसऱ्यावर समज.

याचा अर्थ मुकाट सोसावे असा नाही. परमपूज्य बाबासाहेब अखेरच्या वर्षांत मधुमेहाने व पायांच्या वेदनांनी त्रस्त होते. तो गाऊट होता असे आम्हाला म्हणायचे नाही. पण त्यांनी डॉक्टरांचे उपचार घेतले, आणि त्याच काळात 'बुद्ध आणि त्याचा धम्म' हा ग्रंथही सिद्ध केला. घरच्यांसाठीही धडा आहे. हगवणीने लोळत पडलेल्या भिक्खूला भगवंतांनी आनंदाला बरोबर घेऊन स्वतः धुतले-पुसले, मग संघाला एकमेकांची शुश्रूषा करण्यास सांगितले. रात्री दोन वाजता ठणक्याने जागा झालेल्या माणसाला बोलणी नकोत. पाण्याचा तांब्या, उशी आणि सकाळी दवाखान्यात सोबत येणारे माणूस हवे.

जयभीम!