पुलंना झालेला कंपवात म्हणजे नेमकं काय? हाताची थरथर म्हणजे नुसतं म्हातारपण नव्हे

माळेगाव बुद्रुक (ता. बारामती) : पु. ल. देशपांडे यांचं कथाकथन आजही लोक मोबाईलवर ऐकतात. पण ज्यांच्या आवाजावर अख्खा महाराष्ट्र हसला, त्या पुलंना उतारवयात कंपवाताने, म्हणजेच पार्किन्सन्सने गाठलं होतं, हे अनेकांना माहीत नाही.

पुलं लेखक म्हणून सगळ्यांना ठाऊक आहेत. मात्र त्यांनी आकाशवाणीतही नोकरी केली. १९५९ साली दिल्लीत दूरदर्शन सुरू झालं, तेव्हा सुरुवातीच्या मंडळींत ते होते. टीव्हीवर पंडित नेहरूंची पहिली मुलाखत त्यांनीच घेतली. पेटीही ते उत्तम वाजवायचे. म्हणजे सगळं काम आवाजाचं आणि बोटांचं, आणि हा आजार नेमका तिथेच घाव घालतो. १९९६ चा पहिला 'महाराष्ट्र भूषण' पुरस्कार त्यांना मिळाला, तेव्हा त्यांचं भाषण पत्नी सुनीताबाईंनी वाचून दाखवलं. १२ जून २००० रोजी पुण्यात वयाच्या ८० व्या वर्षी पुलं गेले.

आजार होतो कसा?

मेंदूत डोपामिन नावाचं रसायन तयार होतं. हालचाल सुरळीत ठेवायला ते लागतं. ते तयार करणाऱ्या पेशी हळूहळू मरत गेल्या की शरीराचा वेग मंदावतो. हा आजार संसर्गजन्य नाही.

ही लक्षणं ओळखा

- हात मांडीवर निवांत असताना थरथरतो. काहींना मात्र थरथर नसतेच.
- चाल मंद होते, पावलं छोटी पडतात, चालताना एक हात हलत नाही.
- अक्षर बारीक होतं, बँकेत सही जुळत नाही.
- आवाज बारीक होतो, चेहऱ्यावरचे भाव कमी होतात.
- वास येणं कमी होतं, बद्धकोष्ठता होते.

अशा माणसाला 'पिऊन आलाय का' म्हणून हसणारेही भेटतात. घरचे 'वय झालं आता' म्हणून सोडून देतात. त्यात वर्षं निघून जातात.

उपचार काय?

आजार मुळापासून बरा होत नाही, पण गोळ्यांनी हालचाल बरीच सुधारते. आधी फिजिशियनला दाखवावं, मग मेंदूविकारतज्ज्ञाला. लेव्होडोपा हे यातलं मुख्य औषध आहे. गोळी ठरलेल्या वेळेलाच घ्यावी. बरं वाटलं किंवा पैसे संपले म्हणून अचानक बंद करू नये, ते धोक्याचं असतं. दूध-डाळीसोबत घेतल्यास काहींना गुण कमी येतो, म्हणून जेवणाआधी किती वेळ घ्यायची ते डॉक्टरांना विचारावं. रोजचं चालणं, व्यायाम आणि मोठ्याने वाचणं यांचाही उपयोग होतो. पुण्यात पार्किन्सन्स मित्रमंडळ रुग्णांसाठी आणि घरच्यांसाठी काम करतं.

शेतकऱ्यांनी हे लक्षात ठेवावं

पॅराक्वाटसारख्या तणनाशकांशी वर्षानुवर्षे संपर्क आलेल्यांत हा आजार जास्त दिसल्याचं काही अभ्यासांत आढळलं आहे. फवारणी केली म्हणजे आजार होतोच असं नाही. तरी हातमोजे, मास्क आणि पूर्ण बाह्यांचा शर्ट घालूनच पंप पाठीला लावावा.

बोलणं मंद झालं म्हणजे अक्कल गेली असं नाही. घरातलं असं माणूस बोलायला लागलं, तर त्याचं वाक्य पुरं होईपर्यंत थांबावं.