बरें वाटल्यावर औषध कां सुटतें?

विशी-पंचविशींतील एखादा मुलगा रात्र-रात्र जागूं लागतो, शेजारी आपल्याविरुद्ध कट करीत आहेत असें म्हणतो, कोणी बोलत नसतां त्यास शब्द ऐकूं येतात. घरचीं माणसें प्रथम अभ्यासाचा ताण म्हणतात, मग देवदेवस्की करून पाहतात आणि अखेर मानसरोगतज्ज्ञाकडे जातात. वैद्यकांत या विकारास सायकोसिस म्हणतात. मराठींत चित्तभ्रम हा शब्द पुष्कळांस ठाऊक आहे. पहिल्या झटक्यांतून बहुसंख्य रुग्ण औषधानें कांहीं आठवड्यांत वा महिन्यांत सांवरतात. येथवरची हकीगत सुखाची. प्रश्न पुढें उभा राहतो: मन ठिकाणावर येतें, आणि मुलगा गोळ्या घेणें बंद करतो.

याचा दोष सामान्यतः त्याच्या हट्टास अथवा अज्ञानास दिला जातो. आपण आजारी होतों हेंच कांहीं रुग्णांस पटत नाहीं, हें खरें; पण तेवढ्यानें उलगडा होत नाहीं. गोळी सोडणारा बहुधा एक हिशेब करीत असतो, आणि त्याच्यासमोरचा पुरावा पाहिला तर तो हिशेब मुळींच वेडेपणाचा नसतो. ताप उतरला कीं औषधाची बाटली बाजूला ठेवावी, हा घरोघरचा शिरस्ता. गोळीचा त्रास रोजचा असतो: सकाळीं डोळे उघडत नाहींत, वजन वाढतें, हात थरथरतात, कांहींजणांस एका जागीं बसवत नाहीं, कांहीं स्त्रियांची मासिक पाळी थांबते. उलट गोळीचा लाभ म्हणजे कांहींतरी न घडणें. आणि जें घडलें नाहीं तें दिसणार कोणास?

त्यांत या विकाराची कपटी रीत अशी कीं, गोळी थांबविल्याबरोबर तो परत येत नाहीं. हीं औषधें मेंदूंतील डोपामिन नांवाच्या द्रव्याच्या कार्यास आळा घालतात. आळा सुटला तरी भ्रम पुन्हा मूळ धरण्यास पुष्कळदां कित्येक आठवडे, कधीं महिने लागतात. मधल्या काळांत गुंगी जाते, चेहऱ्यावर तरतरी येते, आईसही मुलगा पूर्ववत् वाटूं लागतो. औषध सोडणें हेंच खरें औषध होतें, असा धडा घरादारास मिळतो. चार महिन्यांनीं विकार उलटला, तर त्याचा संबंध गोळीशीं न लावतां परीक्षेशीं किंवा नोकरींतल्या भांडणाशीं लावला जातो.

धोका किती, हें मोजलें गेलें आहे. १९९९ सालीं प्रसिद्ध झालेल्या न्यूयॉर्क येथील पाहणींत, पहिल्या झटक्यांतून सांवरलेल्यांपैकीं पांचांत चारांहून अधिकांस पांच वर्षांत विकार एकदां तरी उलटला. औषध सोडल्यानें हा धोका जवळजवळ पांचपट होत होता. हाँगकाँगमध्यें निदान वर्षभर औषध घेऊन बऱ्या झालेल्या १७८ जणांपैकीं कांहींस पुढील वर्षभर खरी गोळी, तर बाकीच्यांस तशीच दिसणारी निरौषध गोळी दिली. वर्षाअखेर विकार उलटण्याचें प्रमाण पहिल्या गटांत ४१ टक्के व दुसऱ्यांत ७९ टक्के निघालें. दहा वर्षांनींही दुसऱ्या गटांतील लोकांची स्थिति अधिक वाईट आढळली.

हॉलंडमधील एक पाहणी मात्र विषय इतका सरळ राहूं देत नाहीं. तेथें सहा महिने बरे राहिलेल्या १२८ रुग्णांपैकीं एका गटाचें औषध देखरेखीखालीं कमी करीत, जमल्यास बंद करीत नेलें. पहिल्या दीड वर्षांत त्या गटांत विकार दुपटीनें उलटला. परंतु सात वर्षांनंतर १०३ जणांची पुन्हा तपासणी झाली, तेव्हां त्याच गटांत ४०.४ टक्के लोक कामाधंद्यासह सांवरलेले निघाले; औषध चालू ठेवलेल्यांत हें प्रमाण १७.६ टक्के होतें. रुग्णसंख्या थोडी, आणि दीड वर्षानंतर कोणीं किती औषध घ्यावें यास बंधन नव्हतें. म्हणून या एका पाहणीच्या आधारें गोळ्या फेंकून देणें शहाणपणाचें नव्हे. तथापि ‘किती दिवस?’ हा रुग्णाचा प्रश्न रास्त ठरतो.

तो विचारूं दिला नाहीं, तर काय होतें? ‘जन्मभर घ्यावें लागेल’ असें पहिल्याच भेटींत बजावणारा डॉक्टर आणि ‘मुकाट्यानें घे’ म्हणणारे वडील, दोघे मिळून मुलास गोळी लपवावयास शिकवितात. गोळी गादीखालीं जाते. गुण येत नाहीं असें समजून डॉक्टर मात्रा वाढवितो. आणि एखाद्या दिवशीं घरच्यांच्या धाकानें ती वाढीव मात्रा खरोखरच पोटांत गेली, कीं त्रास असा होतो कीं पुढें दवाखान्याची पायरीच नको वाटते. लग्न ठरतांना आजार लपविलेल्या मुलीची गत याहून कठीण. सासरीं डबी ठेवावी कोठें, येथूनच तिच्या उपचाराचा शेवट सुरू होतो.

टिकणारे कां टिकतात, याचा पडताळा अमेरिकेंत पाहावयास मिळतो. तेथें २१ राज्यांतील ३४ दवाखान्यांत ४०४ रुग्णांवर झालेला एक प्रयोग २०१५ सालीं प्रसिद्ध झाला. निवडक दवाखान्यांत औषधाबरोबर कुटुंबास माहिती, व्यक्तिगत सल्ला आणि शिक्षण वा नोकरी मिळविण्यास मदत हीं एकत्र दिलीं. तेथील रुग्ण उपचारांत साधारण २३ महिने राहिले, नेहमींच्या पद्धतींत १७. ज्या दारीं नोकरीचा विचार होतो त्या दारीं तरुण पुन्हा येतो, यांत नवल नाहीं. चेन्नईच्या ‘स्कार्फ’ या संस्थेची माँट्रियलच्या सेवेशीं तुलना झाली, तींत चेन्नईकडे घरच्या माणसांचा संपर्क अधिक व उपचार अर्ध्यावर सोडणारे कमी आढळले. रुग्णाबरोबर दवाखान्यांत बसून राहणारी आई किंवा भाऊ ही तेथें नित्याचीच गोष्ट.

औषध थांबवावयाचें ठरलेंच, तर तें एकदम न तोडतां डॉक्टरांच्या सल्ल्यानें महिन्या-महिन्यानें उतरवीत नेतात. त्या काळांत घरच्यांनीं गोळ्या मोजण्यापेक्षां झोंपेकडे लक्ष द्यावें. सलग दोन-तीन रात्री झोंप उडाली, बोलण्यांत संशय डोकावूं लागला, कीं त्याच आठवड्यांत डॉक्टरांस गांठावें. आणि अशा वेळीं कोणाशीं बोलावें, कोणास कळवावें, हें रुग्णाचें मन स्वस्थ असतांनाच त्यास विचारून कागदावर लिहून ठेवावें. भारतांत २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्यानें उपचाराविषयींची अशी इच्छा आगाऊ लिहून ठेवण्याचा हक्क प्रौढ व्यक्तीस दिलेला आहे.